जुन्या मारुती ८०० चं इंजिन माउंटिंग दर पावसाळ्यानंतर फाटतंय? आधी जुना बुश हातात घेऊन बघा

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं, की आमची आठशे थरथरायला लागायची. गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला, तरी गिअरचा दांडा आपोआप हलायचा. आरशातली मागची गाडी पुसट दिसायची. डॅशबोर्डच्या आत कुठलंतरी प्लास्टिक किरकिरायचं. फाटक उघडल्यावर पहिला गिअर टाकून क्लच सोडला, की पुढून धप्प, जसं बोनेटखाली कुणी नारळ आपटावा.

गाडी १९९७ ची, कार्बोरेटरवाली, केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंग. बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवतो. तीन वर्षांत हिचं माउंटिंग मी चार वेळा बदललं. चौथ्या वेळचं मात्र दोन पावसाळे काढून अजून शाबूत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अजून बऱ्याच आठशे रोजच्या वापरात आहेत आणि त्यांच्या मालकांकडून हीच तक्रार ऐकू येते: "माउंटिंग टाकलं, सहा-आठ महिने बरं गेलं, पुन्हा तेच." "चांगल्यातलं टाका" एवढ्या उत्तरानं हे थांबत नाही. माझंही थांबलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

शब्दांचं आधी बघू. इंजिन ज्या रबरी आधारावर टेकतं, त्याला आमच्याकडं मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात, दुकानात माउंटिंग म्हटलं की कळतं, आणि त्यातला लोखंडी नळीभोवतीचा रबरी भाग म्हणजे बुश. आठशेचं इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेनं बसतं आणि ते तीन ठिकाणी टेकलेलं असतं: टायमिंग बेल्टच्या बाजूला एक, गिअरबॉक्सच्या बाजूला एक आणि मागं एक. पुढं मी याच नावांनी बोलणार आहे.

क्लच समजून केलेला खर्च

माझी पहिली चूक बुश निवडण्याच्याही आधीची. गाडी उचलताना थडथडायची, म्हणून मी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलली. आठवडाभर बरं वाटलं आणि थडथड परत आली. मग कार्बोरेटर खोलून साफ केला. तरीही तेच.

शेवटी पिरनवाडीकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला बोनेट उघडायला सांगितलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. हँडब्रेक ओढला, डावीकडचा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, पहिला गिअर, आणि क्लच अर्ध्यापर्यंत सोडला. इंजिन एका बाजूनं दोन बोटं वर उचललं गेलं. मग रिव्हर्स टाकला, तर ते उलट्या बाजूला झुकलं.

"क्लच नव्हं हे," मामा म्हणाले. "इंजिन नाचालंय बघ. त्येच्या नाचण्यानं क्लचची केबल ओढली जातीया, सुटतीया. तू पाय धरलास तरी क्लच आपल्या आपण चालू-बंद हुतोय."

आठशेचा क्लच केबलवर चालतो. केबलचं एक टोक गाडीच्या बॉडीला अडकवलेलं, दुसरं गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला. इंजिन-गिअरबॉक्स जागेवरून हललं, की या दोन टोकांतलं अंतर बदलतं. तुमचा पाय स्थिर असला तरी क्लच थोडा दाबला जातो, थोडा सुटतो, त्यानं इंजिन आणखी हलतं, आणि हे चक्र सेकंदाला कितीतरी वेळा फिरतं. तीच ती थडथड. ॲक्सिलरेटरच्या केबलचंही तसंच. रिव्हर्स घेताना गाडी विनाकारण पळाल्यासारखी वाटत असेल, तर हाच संशय घ्या. क्लचवर पैसे घालायच्या आधी मामांची ही तपासणी करून घ्या. दोन मिनिटं लागतात. फक्त गाडी सपाटीवर हवी, आणि पुढं कुणीही उभं राहायचं नाही. बघणाऱ्यानं बाजूनं बघायचं.

आणखी एक खूण सांगतो. गाडी उभी असताना थरथर येते, पण ॲक्सिलरेटर जरासा दाबला की ती जाते, असं असेल तर बुश कडक पडलेत किंवा खाली बसलेत. उलट, उभी असताना फारसा त्रास नाही पण गिअर बदलताना धप्प होतंय, तर रबर धातूपासून सुटलंय किंवा फाटलंय. आणि थरथर सगळ्याच वेगात, त्यात सायलेन्सरमधून फट-फट असेल, तर माउंटिंगला दोष देऊ नका. एखादा स्पार्क प्लग ठिणगी टाकत नसेल. तीन सिलिंडरांपैकी एक बसलं, की नवंकोरं माउंटिंगही फार दिवस टिकत नाही.

चार वेळा काय काय टाकलं

पहिल्यांदा फक्त मागचं माउंटिंग फाटलेलं दिसलं, म्हणून तेवढंच बदललं. दुकानात मिळालं ते स्वस्तातलं. आठ महिने चाललं.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या अण्णांनी दोन माउंटिंग समोर ठेवली आणि एकावर बोट ठेवून म्हणाले, "हे गट्टी आहे बघा. पुन्हा यायला नको." गट्टी हा कन्नड शब्द आमच्या मराठीत सहज मिसळून गेलाय. त्याचा अर्थ कडकही होतो आणि मजबूतही. माझी सगळी फसगत या एका शब्दात होती, असं आता वाटतं. अण्णांचा हेतू चांगलाच होता. मीही अंगठ्यानं दाबून बघितलं, रबर दबेना, म्हणून खूश होऊन घेतलं. पाच महिन्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप इंजिनाजवळच्या जोडावर तडकला. माउंटिंग तसंच होतं, पण जो धक्का त्यानं गिळायचा तो पाइपनं खाल्ला. पुढं दोन महिन्यांत गिअरबॉक्सकडचं जुनं माउंटिंगही फाटलं.

तिसऱ्या वेळी मी स्वतःच बुश बनवला. मी बेळगावच्या उद्यमबागेत, एका कारखान्यात लेथवर काम करतो. नायलॉनचा रॉड आणला, बाहेरचा व्यास मापून घासला, मधून भोक घेतलं, दाबून बसवला. काम अगदी मापात झालं होतं. इंजिन जरासुद्धा हलेना. पण गाडीत बसणं अशक्य झालं. स्टिअरिंग धरलं की हाताला मुंग्या यायच्या. आई एकदाच बसली आणि उतरताना म्हणाली, "डोकं भणभणतंय रे." तिसऱ्या आठवड्यात माउंटिंगच्या लोखंडी ब्रॅकेटला वेल्डिंगजवळ बारीक चीर दिसली. तिथंच थांबलो.

उद्यमबागेत बुश बनवून देणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि काम सुबक होतं, म्हणून लेथवाल्यांनाही सांगतो: सस्पेन्शनच्या काही जागी नायलॉन चालेल, इंजिनाखाली नको. साखर कारखान्याच्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे, ट्रकच्या टायरचे गोल कापलेले तुकडे, हेही मी गाड्यांत बघितलंय. टायरमध्ये नायलॉनचे धागे असतात, बेल्टमध्ये कापडाचे थर असतात. ते ताणाला मजबूत असावेत म्हणून घातलेले असतात आणि नेमके म्हणूनच ते धक्का गिळत नाहीत. शिवाय ते नळीला चिकटलेले नसतात, नुसते कोंबलेले असतात. पहिल्याच घाटात सरकतात.

कडक रबर या इंजिनाला का सोसत नाही

आठशेचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा त्याच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत.

पहिली अडचण त्याच्या डोलण्याची. तिन्ही पिस्टन क्रँकवर १२० अंशांच्या अंतरानं बसवलेले असतात. त्यामुळं वर-खालचा एकूण जोर एकमेकांत जिरतो, पण कडेचे दोन पिस्टन इंजिनाच्या दोन टोकांवर असल्यानं एक टोक वर आणि दुसरं खाली असं डोलणं शिल्लक राहतं. एका फेऱ्याला एकदा. पाळण्याच्या दोन बाजू आळीपाळीनं वर जातात, तसं. इंजिन आडवं असल्यानं हा सगळा डोल बेल्टकडच्या आणि गिअरबॉक्सकडच्या बुशवर येतो.

दुसरी अडचण ठिणग्यांच्या संख्येची. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर ठेवलं, तर सेकंदाला १५ फेरे होतात. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, म्हणजे तिघांचे मिळून सेकंदाला साडेबावीस धक्के. चार सिलिंडरच्या गाडीत हेच ३० असतात. फरक थोडा वाटतो, पण रबराच्या दृष्टीनं मोठा आहे.

कारण असं. रबरावर ठेवलेलं कुठलंही वजन ढकललं, तर ते स्वतःच्या एका लयीत डोलतं. बाहेरून येणारे धक्के त्या लयीच्या १.४१ पटीहून वेगवान असतील तरच रबर ते अडवायला लागतं. त्याहून हळू असतील तर अडवणं राहिलं बाजूला, ते वाढवून पुढं पाठवतं. साडेबावीसला १.४१ नं भागा, साधारण सोळा येतं. म्हणजे आठशेचं इंजिन बुशवर सेकंदाला सोळापेक्षा बऱ्याच कमी वेळा डोलणारं हवं, तरच फाटकाला उभं असताना थरथर आत येणार नाही.

आता रबराचा कडकपणा शोअर ए या मापात मोजतात. जितका आकडा मोठा तितकं रबर कडक. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात ते मोजायचं छोटं घड्याळासारखं यंत्र आहे, तिथं मी माझे बुश नेऊन बघितले. बरा असलेला मऊ बुश ४५ च्या आसपास आला, अण्णांचा गट्टी बुश ७० च्या. ४५ वरून ७० ला गेलं की रबराचा ताठपणा अडीच पटींहून जास्त वाढतो. ताठपणा अडीच पट झाला, की डोलण्याची लय साधारण १.६ पट होते. समजा मऊ बुशवर इंजिन सेकंदाला ११ वेळा डोलत होतं, तर गट्टी बुशवर ते अठराच्या घरात गेलं. सोळाच्या वर. म्हणजे मी पैसे देऊन थरथर वाढवून घेतली होती. आणि ती सगळी पाइपवर, ब्रॅकेटवर, उरलेल्या दोन जुन्या माउंटिंगवर जात होती.

गावातल्या एका जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीवाल्या काकांचा मुद्दा इथंच येतो. ते नेहमी म्हणतात, "आमचं फाउंडेशन वीस वर्षं तसंच आहे, तुमच्या गाडीतच दम नाही." काकांचा अनुभव खरा आहे, पण कारण वेगळं. पद्मिनीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं आणि मागची चाकं फिरवणारं. दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये जोर आणखी वाढतो, त्याचा उलटा दाब तिथं मागच्या ॲक्सलवर आणि पाट्यांच्या स्प्रिंगवर जातो. इंजिनाच्या बुशवर फक्त गिअरबॉक्सपर्यंतचा दाब येतो. आठशेत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर चाकापर्यंत जाताना पंधरा पटींच्या आसपास वाढतो आणि त्या सगळ्याचा उलटा दाब याच तीन बुशवर पडतो. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या घाटात वळणावर भरल्या गाडीनं पहिला गिअर टाकता, तेव्हा ते रबर काय सोसतं हे एकदा डोळ्यांसमोर आणा.

फाटलेला बुश सांगतो ते

तिसऱ्या वेळेनंतर मामांनी मला एक काम सांगितलं. "जुनी माउंटिंग हायत काय फेकलास?" सुदैवानं कारखान्यातल्या डब्यात पडली होती. त्यांनी ती रॉकेलनं न पुसता, कोरड्या फडक्यानं पुसून पोत्यावर ओळीनं ठेवायला लावली. या एका गोष्टीनं माझा प्रश्न सुटला, म्हणून इथं थोडं थांबतो.

रबर धातूपासून सालीसारखं सुटलं असेल आणि खालचा धातू चकचकीत दिसत असेल, तर दोष बनवण्याचा आहे. चांगल्या बुशमध्ये रबर आणि लोखंडी नळी साच्यात उष्णतेनं एकजीव केलेली असतात, रबर फाटलं तरी धातूवर काळा थर चिकटून राहतो. माझं पहिलं स्वस्तातलं माउंटिंग असं होतं.

रबरावर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या बारीक भेगा असतील आणि ते नखानं दबत नसेल, तर ते वयानं आणि उष्णतेनं मेलंय. यात कुणाची चूक नाही.

मधूनच वेडंवाकडं फाटलं असेल, कडा दातेरी असतील, तर त्यावर पीळ होता. म्हणजे बसवताना चूक झाली, किंवा शेजारचं माउंटिंग आधीच गेलेलं असल्यानं यावर जास्त ओझं आलं.

आणि चौथा प्रकार. रबर फुगलेलं, हाताला चिकट, दाबलं की पावसाळ्यात पाझरलेल्या गुळाच्या ढेपेसारखं. नखानं ओढलं तर बारीक कण निघतात. हे तेलानं होतं. माझ्या चार बुशपैकी तीन असे होते. गट्टी बुशसुद्धा वरून कडक आणि खालच्या कडेनं फुगलेला.

तेल येत कुठनं होतं? एक जागा लगेच सापडली. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची ओ-रिंग, दोन्हीतून पाझर होता आणि तो ओघळून गिअरबॉक्सकडच्या माउंटिंगवर यायचा. पण मागचं माउंटिंग त्या वाटेवर नव्हतं, तरी तेच सगळ्यात जास्त फुगलं होतं. मामांनी गाडीखाली आडवं होऊन बोट फिरवलं, काळं तेल निघालं, आणि त्यांनी विचारलं, "पावसाळ्याआधी ऑइल मारतंस काय?"

मारतो. दरवर्षी मेच्या शेवटी. जळकं इंजिन ऑइल आणि डिझेल एकत्र करून गाडीखाली फवारायचं, म्हणजे पत्रा गंजत नाही. खानापूरकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. इकडं बहुतेक जण मारतात. बाबांनी पहिल्या वर्षापासून हे कधी चुकवलं नाही आणि म्हणूनच सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या गाडीचा तळ अजून शाबूत आहे. पण माउंटिंगचं रबर नैसर्गिक असतं. सतत हलूनही न थकण्यात त्याला तोड नाही, म्हणून ते वापरतात. मात्र खनिज तेल आणि डिझेल ते स्पंजासारखं पितं, फुगतं आणि मऊ पडतं. मेच्या शेवटी फवारा, आणि दिवाळीच्या सुमारास धप्प. तीनही वर्षं माझी तक्रार त्याच महिन्यांत आली होती आणि मी ती तारखेशी कधी जोडलीच नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्रा वाचवायचं सोडू नकोस. रबर झाक." आता मेमध्ये फवारा मारायच्या आधी मी तिन्ही माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चिकटपट्टीनं बंद करतो, आणि फवारा झाल्यावर पिशव्या काढून टाकतो. वीस मिनिटांचं काम आहे. गॅरेजमध्ये फवारा मारून घेत असाल तर पिशव्या घरूनच लावून न्या.

निवडताना

आता मूळ प्रश्न: कुठला बुश घ्यायचा. माझं मत स्पष्ट आहे. तिन्ही एकाच वेळी, एकाच बनावटीचे, मूळ कडकपणाच्या जवळचे, आणि रबर धातूला साच्यात उष्णतेनं चिकटवलेले. कंपनीच्या मूळ सुट्या भागांत मिळत असतील तर तेच. बाहेरचे घ्यायचे असतील, तर दुकानात पाच मिनिटं उभं राहून बघायची तयारी ठेवा.

अंगठ्याचं नख रोवून बघा. जरा दबून लगेच वर यायला हवं. अजिबात दबत नसेल तर तो गट्टी. दबून खड्डा राहत असेल तर तोही नको. रबर आणि धातू मिळतात ती कड नीट बघा: रबर धातूवर थोडं चढलेलं, सलग दिसायला हवं, मध्ये केसाएवढी फट नको. मधली नळी मधोमध आहे का बघा; एका बाजूला सरकलेली असेल तर साचाच खराब. पांढऱ्या कागदावर रबर घासलं आणि पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली, किंवा जळक्या टायरचा उग्र वास आला, तर त्यात जुनं रबर दळून घातलेलं असण्याची शक्यता दांडगी आहे. नळीची लांबी जुन्या नळीशी लावून बघा. नळी आखूड असली तर बोल्ट कसताना ब्रॅकेटच्या दोन्ही बाजू रबरालाच चिमटतात आणि बुशचं कामच संपतं.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक मोह फार होतो. कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानात, जुन्या खोक्यात, मूळ कंपनीचा कोरा माल सापडतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मला तसं एक माउंटिंग मिळालं होतं, खोकं पिवळं पडलेलं, आत कागदात गुंडाळलेलं. बघून हात थरथरला. पण वीस वर्षं पडून राहिलेलं रबर न वापरताही म्हातारं होतं, हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करतो आणि ओझोन भेगा पाडतो. बुश थोडा पिळून बघितला, तर कडेला बारीक भेगा उघडल्या. लोखंडी भागासाठी जुना माल जरूर घ्या. रबरासाठी नको.

एकच बदलून पैसे वाचवू नका. नवा बुश इंजिनाला त्याच्या मूळ उंचीवर धरतो, शेजारचा जुना खाली बसलेला असतो. मग इंजिन तिरकं होतं आणि नवा बुश पहिल्याच दिवसापासून पिळात राहतो. माझं पहिलं माउंटिंग आठ महिन्यांत जायला हेही एक कारण होतं.

पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकच्या बुशबद्दल अलीकडं तरुण मुलं फार विचारतात. ते तेलाला दाद देत नाही, हे खरं. पण बाजारात मिळणारे बहुतेक शोअर ७० च्या वरचे असतात, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनाचं वर सांगितलेलं गणित त्यांनाही लागू आहे. शर्यतीच्या गाडीत ठीक. आईला घेऊन दवाखान्यात जायच्या गाडीत मी घालणार नाही.

बसवताना

इथं थोडक्यात सांगतो, कारण मिस्त्रींना बरंचसं माहीत असतं. जॅक ऑइलच्या चेंबरखाली थेट लावू देऊ नका. पत्रा पातळ असतो, दबतो. गिअरबॉक्सच्या कडेला लाकडी फळी ठेवून उचला. बुश वेगळा दाबून बसवायचा असेल, तर जुना काढायच्या आधी ब्रॅकेटवर आणि बुशवर रंगाची खूण करा. रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, त्या ज्या दिशेला असतात त्या दिशेनं बुश मऊ असतो. चुकून पाव फेरा फिरवून बसवला तर मऊ हवा तिथं कडक आणि कडक हवा तिथं मऊ होतो.

सगळ्यात महत्त्वाचं: तिन्ही ठिकाणचे बोल्ट आधी हातानं लावा, कसू नका. जॅक काढून इंजिनाचं वजन बुशवर येऊ द्या. इंजिन धरून पुढं-मागं दोन-तीनदा हलवा, मग चालू करून मिनिटभर तसंच राहू द्या, बंद करा, आणि आता बोल्ट घट्ट करा. रबर जिथं स्वतःहून बसेल तिथं त्याला बांधायचं. ओढून-ताणून भोकात बोल्ट घालून कसला, तर बुश आयुष्यभर पिळलेलाच राहतो.

इंजिन आणि बॉडीच्या मध्ये अर्थची वायर असते, ती तेव्हाच तपासा. रबर वीज जाऊ देत नाही, त्यामुळं ती वायर गंजलेली असेल तर स्टार्टरची वीज क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि केबल तापून जळते. आमच्या गल्लीत एकाची अशी दोनदा जळली आणि दोन्ही वेळा नवी केबलच टाकली गेली.

व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आणि ती ओ-रिंग आधी बदला, इंजिन कोरडं करा, आणि मगच नवे बुश घाला. उभ्या गाडीत इंजिनाचा वेग मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या खाली ठेवू नका. पेट्रोल वाचतं म्हणून साडेसहाशेवर लावून देणारे आहेत. तिथं धक्के सेकंदाला सोळाच्या आसपास येतात, म्हणजे वरचं सगळं गणित पुन्हा विरोधात जातं.

चौथ्या वेळी मी तीनही मऊ माउंटिंग लावून दुसऱ्या दिवशी बाबांना बाजूला बसवलं आणि खानापूर रस्त्यानं मच्छेपर्यंत जाऊन आलो. परत येताना फाटक पडलं होतं. बाबांनी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काढून घेतला.

नवे बुश घातल्यावर पाचशे किलोमीटरनंतर तिन्ही बोल्ट एकदा पान्यानं तपासायचे. आणि यंदा मेमध्ये फवारा मारणार असाल, तर पिशव्या आत्ताच आणून ठेवा.